व्यंकटरावांची इर्जिक

"तुम्हा मोगलाईतल्या लोकांना काम म्हणजे काय ते ठाऊकच नाही," असं नवे साहेब सोमवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी म्हणाले, आणि व्यंकटरावांच्या तोंडातलं पान जागच्या जागी थांबलं.

वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण साहेबांनी पुण्याहून येताना घड्याळ सोबत आणलं होतं. आधी परभणीतल्या त्या कचेरीत घड्याळ नव्हतं असं नाही. होतं, पण बंद होतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पाठोपाठ साहेब आले, घड्याळ आलं आणि सगळं मराठीत लिहायचं असा हुकूम आला. अठरा वर्षं उर्दूत अर्ज-कागद लिहिणाऱ्या व्यंकटरावांनी महिन्याभरात 'सेवेशी सादर' शिकून घेतलं. अक्षर त्यांचं दोन्हीकडून सुंदर, उजवीकडून डावीकडं लिहा नाहीतर डावीकडून उजवीकडं. अशा माणसाला काम ठाऊक नाही म्हणायचं, म्हणजे काय राहिलं?

"पेडगावला स्टेशनापासून गावापर्यंत एक फर्लांग रस्ता श्रमदानानं करून दाखवा," साहेब पुढं म्हणाले. "महिनाअखेरच्या रविवारी मी बघायला येतो. झाला, तर अव्वल कारकुनाच्या जागेसाठी तुमचं नाव पाठवतो. नाही तर आवक-जावक."

आवक-जावकीचं टेबल दाराशी होतं. तिथं दिवसभर पाकिटांना डिंक लावायचा. अव्वल कारकुनाच्या जागेकडं व्यंकटराव सहा वर्षं डोळे लावून बसले होते. तेव्हा डिंकाचा वास त्यांना तिथूनच आला.

शेजारच्या टेबलावर बन्सीधर होता. तो घरचाही शेजारी, त्यामुळं त्याचा सल्ला चोवीस तास उपलब्ध असे. "मियाँ, आजारी पडा," तो म्हणाला. "रस्त्याचं पुढच्या साली बघू. तोवर साहेबाची बदली होते."

पण व्यंकटरावांना वेगळाच किडा चावला होता. काम म्हणजे नेमकं काय? आपण अठरा वर्षं केलं ते काम नव्हतं तर काय होतं? माणूस मुळात चौकस. एकदा शब्द डोक्यात शिरला की तो पचेपर्यंत अन्न पचायचं नाही. घरी आल्याबरोबर त्यांनी बायकोला विचारलं, "काय हो, तुम्ही काम कशाला म्हणता?"

सुमंगलाबाई एका हातानं दूध उतरवत होत्या, दुसऱ्यानं चूल सारत होत्या. "मागाहून विचारा," त्या म्हणाल्या. "आत्ता काम आहे."

मंगळवारी व्यंकटराव शेरवानी घालून पेडगावला उतरले. सरकारी कामाला जायचं तर शेरवानी, ही अठरा वर्षांची सवय. ते वेशीपाशी पोचले तर गावात माणूस नाही. चुली पेटलेल्या, बाजा टाकलेल्या, कुत्री जागच्या जागी, फक्त माणसं गायब. शेवटी कडब्याच्या गंजीमागं एक पागोटं दिसलं.

"बाहेर या हो! मी काही खात नाही."

पागोट्याखालून आश्रुबा निघाला. पन्नाशीचा कुणबी, अंगाला कडबा चिकटलेला. "राग मानू नका सायब," तो म्हणाला. "शेरवानी दिसली की आमचे पाय आपसूक रानाकडं वळतेत. माज्या बापानं सायबाचा पलंग डोस्क्यावर घेऊन जिंतुरापस्तोर नेला हुता. बेगारीत."

"तो काळ गेला. आता सरकार आपलं आहे."

"मंग ह्या सरकारला पलंग न्हाई?"

व्यंकटरावांनी श्रमदान समजावून सांगितलं. स्वेच्छेनं, देशासाठी, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता करायचं काम. आश्रुबानं सगळं मन लावून ऐकलं. गडी समजूतदार होता.

"म्हंजी बेगारच की," तो म्हणाला. "फकस्त तव्हा रडत करत हुतो, आता हासत करायची."

निदान दवंडी तरी द्यावी म्हणून व्यंकटराव सटवाजीकडं गेले. पिढ्यान् पिढ्या गावची दवंडी त्याच्या घराकडं होती. सटवाजी दारात बाज विणत बसला होता. त्यानं बसायला घोंगडं टाकलं, पाणी हवं का विचारलं आणि शांतपणे सांगितलं, "दवंडी सोडली सायब. दवंडी, सांगावा, सायबाच्या घोड्याला गवत, गावकीची समदी फुकटची कामं आमी गेल्या साली सोडली. आता गावाला काय सांगायचं ते गावानं आपलं आपण सांगावं."

"म्हणजे तुम्ही कामाला नाही म्हणता?"

"कामाला कामून न्हाई म्हणू? हे काय करायलोय मंग? फुकटाला न्हाई म्हणतो."

हे व्यंकटरावांना इतकं पटलं की वाद घालायचा राहूनच गेला. तिथून ते माणिकराव पाटलांकडं गेले. पाटलांनी चहा पाजला, रस्ता व्हायलाच पाहिजे असं तीनदा सांगितलं, पण स्वतः मातीला हात लावायचं म्हणताच मिशी ताठ केली. "अहो, पाटलानं पाटी उचलली, तर मागचा 'ल' राहिला काय अन् गेला काय! काम करून घेणं हे पाटलाचं काम. करणं दुसऱ्याचं."

परतताना वाटेवर एका ओट्यावर धुरपदाबाई कापसातला कचरा निवडत बसल्या होत्या. हात कापसात, नजर व्यंकटरावांवर. "दादा, तुमी कचेरीतले न्हवं का? माजा कागद तुमच्यापाशी हाय. धनी गेले तव्हा अर्ज दिला, शेत नावावर करा म्हणून. दोन सालं झाली. कागद न्हाई तर दीर माजा बांधाचा धुरा फोडून नांगराचा येकेक तास आत सरकायलाय. पुढल्या सालापस्तोर माज्या दारात यील."

"काम चालू आहे," व्यंकटराव म्हणाले. हे वाक्य कारकुनाच्या तोंडून आपोआप पडतं, त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही.

खरी गोष्ट अशी की तो अर्ज उर्दूत होता. आता प्रत्येक उर्दू कागदाला मराठी भाषांतर जोडायचा नियम झाला होता. भाषांतरकाराची जागा मंजूर होती, भाषांतरकार यायचा होता. व्यंकटरावांना उर्दू पाण्यासारखं येत होतं, पण भाषांतर हे भाषांतरकाराचं काम. ज्याचं त्यानं करावं, ही कचेरीची रीत.

"दोन सालं चालू हाय म्हंजी लय जड काम दिसतंय," धुरपदाबाई कळवळून म्हणाल्या. त्यात थट्टा होती की नव्हती, हे व्यंकटरावांना कळलं नाही. "येकट्याच्यानं उरकंना तर मानसानं इर्जिक घालावी."

व्यंकटराव थबकले. नवा शब्द! "इर्जिक म्हणजे?"

"येकाचं काम साचलं की समद्यांनी मिळून उरकायचं. बोलावणारानं पोटभर जेवू घालायचं. तिथं कुणी त्याला फुकट म्हणत न्हाई अन् बेगार बी म्हणत न्हाई. अन् मंग दादा, पुढं काय असतंय–"

पुढं काय असतं ते राहिलंच. स्टेशनावर गाडीनं शिट्टी दिली आणि व्यंकटराव शेरवानी दोन्ही हातांनी वर धरून पळत सुटले. अर्धा शब्द घेऊन घरी जाऊ नये, हे त्यांना फार उशिरा कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते धोतर-पैरणीत आले. सटवाजीनं दवंडी सोडलेली, दुसरा कुणी द्यायला तयार नाही. तेव्हा अव्वल कारकुनाच्या जागेचे उमेदवार, फारसी घेऊन मॅट्रिक, यांनी घासलेटाचा रिकामा डबा काठीनं बडवत गल्ल्या पालथ्या घातल्या. "ऐका हो ऐका! रविवारी इर्जिक आहे! स्टेशनाच्या रस्त्याची इर्जिक!"

आणि काय नवल, माणसं बाहेर आली. काल ज्या दारांत कुत्रीच होती तिथं आज बायकापोरं उभी.

"कुणाची इर्जिक?" आश्रुबानं विचारलं.

सरकारची म्हणावं, तर पुन्हा पलंग आडवा येणार. व्यंकटरावांनी डबा खाली ठेवला आणि छाती पुढं काढून म्हणाले, "माझी!"

आश्रुबा त्यांच्याकडं नव्यानं पाहू लागला. "तुमची सोताची? समदी रीत पाळणार?"

"सगळी," व्यंकटराव म्हणाले. त्यांना वाटलं जेवणाचं चाललंय.

"मंग मी बी येतो," मागून सटवाजी म्हणाला. "माजी वीस मानसं येतील. पर इर्जिकीत समदे बराबरीचे असतेत. पंगत येकच बसंल."

"एकच," व्यंकटराव म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. पण शब्द गेला होता. पाटलांनी खाकरून आभाळाकडं पाहिलं.

संध्याकाळी घरी हे ऐकून बन्सीधरनं कपाळाला हात लावला. "मियाँ, उद्या तुमच्याकडं श्राद्धाला ब्राह्मण जेवायला येणार नाहीत."

"बरं झालं, तेवढी पानं कमी," सुमंगलाबाई आतून म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "माणसं किती?"

"शंभर-सव्वाशे. वरणभात करू म्हणतो."

"कुदळ मारणाऱ्याला वरणभात? तासाभरात पोटं खपाटीला जातील. तुम्ही नका पडू यात." शनिवारच्या गाडीनं त्या चार पातेली घेऊन स्वतः पेडगावला गेल्या. धुरपदाबाईंच्या अंगणात चर खणून चुली मांडल्या, भाकऱ्या, येसराची आमटी आणि गुळाची लापशी ठरली, आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या बायका त्यांना नावानं ओळखू लागल्या. व्यंकटरावांना अजून 'ते डबा वाजवणारे' असंच म्हणत.

रविवारी उजाडता उजाडता काम सुरू झालं. पहिला टिकाव इर्जिकवाल्यानं मारायचा. व्यंकटरावांनी डोळे मिटून मारला. टिकाव जो रुतला तो निघेना.

"दादा, टिकावाला वजन द्यावं," आश्रुबा म्हणाला. "राग कामून द्यायलात?"

तासाभरात तळहाताला चार फोड आले. व्यंकटरावांनी विचार केला की आपण आपलं खरं काम करावं. बाभळीखाली बसून त्यांनी पिशवीतून वही काढली आणि हजेरी मांडली. पहिलंच नाव लिहिलं आणि पाहतात तो शंभर पाट्या जमिनीवर.

"इर्जिकीत हजेरी?" सटवाजी म्हणाला. "हजेरी बेगारीत असतीय. आमच्यावर इस्वास न्हाई का?"

वही पिशवीत गेली, व्यंकटराव पाटीखाली गेले. मग जे काम झालं ते बघण्यासारखं होतं. कुणी कुणाला हुकूम करत नव्हतं, तरी मुरूम नेमका हवा तिथं पडत होता. म्हातारे पाणी शिंपत होते, बाया पाट्या देत होत्या. व्यंकटराव चालता चालता सगळं न्याहाळत होते. घड्याळ नाही, साहेब नाही, मग ही माणसं कशाच्या जोरावर चालतात? विचारायचं होतं, पण डोक्यावर पाटी असताना मान हलत नाही.

माणिकराव पाटील बाभळीखालून काम करून घेत होते. "इकडं टाका, तिकडं टाका." पण दहाच्या सुमाराला वाऱ्यावर येसराचा वास आला, आणि कुणीतरी सहज आठवण केली की इर्जिकीत जो उचलील तोच जेवील. पाटील उठले. इकडं तिकडं पाहून त्यांनी अर्धी भरलेली पाटी उचलली.

"पाटील," सटवाजी ओरडला, "तेवढा 'ल' सांभाळा!"

अख्खा फर्लांग हसला. पाटीलही हसले, आणि पुढची पाटी त्यांनी भरून घेतली.

एवढ्यात गाडीतून साहेब उतरले. नव्या रस्त्यावरून चालत आले आणि गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेल्या एका माणसाला म्हणाले, "ए, आमचा कारकून कुठं झोपलाय?"

"सेवेशी सादर," तो माणूस पाटीखालून म्हणाला.

साहेब खजील झाले. पंगतीत बसले. एका बाजूला सटवाजी, दुसऱ्या बाजूला पाटील, आणि रीतीप्रमाणं सगळ्यांच्या शेवटी व्यंकटराव. साहेबांनी भाकरी तीनदा मागून घेतली. जाताना म्हणाले, "मी शब्द पाळतो. नाव पाठवतो."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माघ उजाडला, ज्वाऱ्या काढणीला आल्या, आणि एका सकाळी धुरपदाबाई, आश्रुबा आणि सटवाजी कचेरीच्या दारात उभे राहिले.

"गुरवारी माजी इर्जिक हाय," धुरपदाबाई म्हणाल्या.

"वा वा! छान होऊ दे," व्यंकटराव म्हणाले.

तिघं हलेनात. "दादा, तुमचे हात लागतेत," आश्रुबा म्हणाला. "आमी तुमच्या इर्जिकीला आलो. आता अडलेल्याच्या इर्जिकीला तुमी यायचं. समदी रीत पाळतो म्हणालात की."

तो गाडीच्या शिट्टीत राहिलेला अर्धा शब्द आत्ता हाती आला. व्यंकटराव चाचरले. म्हणाले, अहो, काम आहे इथं.

सटवाजीनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "तुमी आला न्हाईत, तर आमचं त्या दिसाचं काम बेगार ठरंल. मी वीस मानसं आनली हुती सायब. त्येंना काय सांगू?"

व्यंकटरावांनी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी बराच विचार करून 'इर्जिक' असं लिहिलं. ही कोणत्या नियमातली रजा, म्हणून बन्सीधरनं दोन पुस्तकं चाळली. साहेबांनी मात्र लापशी आठवून सही केली.

गुरुवारी त्यांनी ज्वारी उपटली. धुरपदाबाईंच्या पाच ओळी झाल्या तेव्हा त्यांची एक झाली. कंबर अशी धरली की उभं राहावं तरी ओणवं आणि बसावं तरी ओणवं. पण धुऱ्यापाशी त्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. बांधाच्या जुन्या दगडाच्या आत नांगराचे चार तास नव्यानं ओढलेले होते. 'येकेक तास आत सरकायलाय' हे त्यांनी कानानं ऐकलं होतं. आता पायाखाली लागलं.

उन्हं कलल्यावर धुरपदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "दादा, लय उपकार झाले. आता तुमची पाळी. कचेरीत तुमचं काम दोन सालं साचलंय. येकटे कुठवर पुराल? सोमवारी आमी समदे येतो. तुमी निस्तं सांगायचं, काय उचलायचं."

व्यंकटराव हसले. असं काही नसतं हो, असं म्हणाले. आणि विसरून गेले.

सोमवारी बरोबर दहाला कचेरीच्या ओसरीवर तीसेक माणसं होती. धुतलेली धोतरं, ठेवणीतली लुगडी. कागदाला हात लावायचा म्हणून सगळ्यांनी रांजणावर हात धुतले होते.

साहेब धावत बाहेर आले. "हा काय मोर्चा आहे?"

"न्हाई सायब," आश्रुबा म्हणाला, "इर्जिक हाय. व्यंकटरावांची."

साहेबांच्या टेबलावर एक टंकलेलं पत्र काचेच्या गोळ्याखाली होतं. अव्वल कारकुनाच्या जागेसाठी व्यंकटरावांचं नाव त्यात होतं, सही तेवढी व्हायची होती. व्यंकटरावांना ते दारातूनच दिसत होतं.

"सांगा दादा," सटवाजी म्हणाला.

व्यंकटरावांनी कपाटाकडं बोट केलं. दोघांनी वरचा लाल फडक्यातला गठ्ठा उतरवला, बायांनी पदरानं धूळ झटकली. धुरपदाबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी कागद पटकन ओढला. "ह्यो माजा. अंगठा उठवला तव्हा हाताला हळद हुती, त्येचा डाग हाय."

व्यंकटराव खाली बसले. सगळे भोवती बसले आणि बघू लागले. शेतात व्यंकटराव बघत होते तसेच, आता हे काम कसं चालतं ते कळेल म्हणून. त्यांनी उर्दूतल्या चार ओळी वाचल्या, टाक दौतीत बुडवला आणि चार ओळी मराठीत लिहिल्या. शाई टिपली. कागदाला कागद जोडला आणि आत परतलेल्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचून नोंदीच्या हुकमावर सही केली. भिंतीवर दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

धुरपदाबाई अजून वाट बघत होत्या. त्यांना वाटलं, काम आता सुरू होईल. मग त्यांनी हळूच विचारलं, "येवढंच व्हय?"

बन्सीधर मागून खाणाखुणा करत होता. भाषांतरकार आला नव्हता म्हणावं, नियम होता म्हणावं, काहीही म्हणावं. साहेब व्यंकटरावांकडं बघत होते. काचेच्या गोळ्याखालचं पत्र पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं. व्यंकटरावांच्या तळहाताला ज्वारीच्या धाटांचे ओरखडे अजून होते, आणि त्यांना धुऱ्यापाशी पाहिलेले ते चार तास आठवले.

"एवढंच," ते म्हणाले. "मला येत होतं. माझं काम नव्हे म्हणून केलं नाही."

साहेबांनी काचेचा गोळा उचलला, पत्र काढलं आणि खणात ठेवून खण लावून घेतला.

धुरपदाबाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या रागावल्या असत्या तर व्यंकटरावांना बरं वाटलं असतं. मग त्यांनी नाक पुसलं, लाल फडकं सारखं केलं आणि गठ्ठ्यातला दुसरा कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"मंग म्होरला घ्या, दादा," त्या म्हणाल्या. "अन् सुमंगलाबाईस्नी सांगावा धाडा. आमी तीस मानसं जेवायला हावोत."